सगुणेनं पाठांना दाखवलेलं ऊन

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात एक सून राहत होती. ती एकदा शारदेला नवस बोलली होती. नवस काही मोठा नव्हता, पण बोलताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती, म्हणून तो देवीपर्यंत थेट पोचला असावा. ती म्हणाली होती, "आई, मला शिकलेलं आठवू दे. खणानारळानं तुझी ओटी भरीन, आणि जे मला मिळेल ते एकटीजवळ ठेवणार नाही."

नवसाला कारणही तसंच होतं. सुनेचं नाव सगुणा, पण गावात तिला त्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे म्हणत 'विसरी'. चुलीवर दूध ठेवलंय हे तिला ते उतू गेल्यावर आठवायचं. खिरीत साखर घातली की नाही या घोळात ती दोनदा घालायची, आणि आमटीत मात्र मीठच राहून जायचं. सासू मायाळू होती. ती हसून म्हणायची, "आमच्या सुनेच्या हातची खीर खाल्ली, की पुढच्या सणापर्यंत गोड नको!"

त्या गावात वैद्य नव्हता. मागल्या पावसाळ्यात नदी फुगली, पलीकडचा वैद्य येऊ शकला नाही, आणि सगुणेच्या जावेचं तान्हं बाळ साध्या तापानं गेलं. तेव्हा गावकऱ्यांनी ठरवलं, की आपल्यातल्याच कुणीतरी वैद्यमायेच्या पाठशाळेत जाऊन शिकून यावं. पण जाणार कोण? कुणाला शेत होतं, कुणाला गुरं होती, कुणाला नुसताच कंटाळा होता. सगुणा उभी राहिली.

"विसरी वैद्यकी शिकणार?" पारावर हशा पिकला. "अहो, औषध उगाळेल आणि रोगी कोण तेच विसरेल!"

सासूनं पदर खोचला आणि म्हणाली, "दूध उतू जातं म्हणून कुणी गाय विकत नाही. जाऊ द्या तिला. जा गं बाई, आणि रित्या हातानं येऊ नकोस."

सगुणा गेली. जाताना जावेनं तिला वेशीपर्यंत पोचवलं. बोलली काही नाही, नुसता हात घट्ट धरून ठेवला. तो हात सगुणा कधी विसरली नाही. काही गोष्टी विसरभोळ्यालाही विसरता येत नाहीत.

वैद्यमायेची पाठशाळा नदीकाठच्या आमराईत होती. वैद्यमाय म्हातारी, बोलायला कडक आणि मनानं साय. तिचा एक नेम होता. कार्तिकात सगळी पाठशाळा आवळीभोजनाला रानात जाई, आवळीची पूजा करून तिच्या सावलीत जेवे, आणि जेवण झाल्यावर वैद्यमाय लायक वाटेल त्या शिष्याच्या हातात औषधांचा बटवा देई. बटवा मिळाला, की गावोगाव औषध द्यायला मोकळीक. नाही मिळाला, तर मुकाट्यानं घरचा रस्ता.

त्या वर्षीच्या शिष्यांत दोघांचा मोठा बोलबाला होता. एक होता पुराणिकबुवांचा मुलगा. त्याला सगळे 'एकपाठी' म्हणत. एकदा ऐकलं की तो जसंच्या तसं म्हणून दाखवी. लिहायचा मात्र एक अक्षर नाही. म्हणायचा, "ज्याचं डोकं फुटकं, त्याला वहीचं ठिगळ!"

दुसरी होती सुलेखा. तिचं अक्षर म्हणजे ओवलेले मोती. वैद्यमाय खोकली तरी सुलेखा तेही लिहून घेई, असं मुली गमतीनं म्हणत. पाठ संपला, की ती वही लाल कापडात बांधून देव्हाऱ्यात ठेवी, रोज हळदकुंकू वाही, फूल वाही, हात जोडी. पोरीचा भाव अगदी खरा होता. फक्त ती पुजलेली वही पुन्हा उघडत नसे. देवापुढची वस्तू उगाच कशाला हाताळायची, असं तिला वाटे.

आणि तिसरी आपली सगुणा. तिची बिचारीची नुसती धावपळ. माय एक सांगे, ही तेवढं लिहीपर्यंत माय पुढच्या दोन गोष्टींवर गेलेली असे. अर्धं वाक्य इथं, अर्धं तिथं. दुसऱ्या दिवशी वही उघडली, की पानावर मुंग्यांची रांग पांगल्यासारखं दिसे.

चैत्रात मायेनं पहिल्यांदा सगळ्यांना विचारून पाहिलं. एकपाठी घडाघडा बोलला. सुलेखेनं सुरेख वही दाखवली. सगुणा उभी राहिली, आणि नुसती उभीच राहिली. गावचं टोपणनाव आणि खिरीची गोष्ट इथंही पोचली होती, मागून कुणीतरी म्हणालं, "खीर गोड झाली का गं, विसरे?" सगळे हसले.

त्या दिवशी सगुणेनं गाठोडं बांधलं. न सांगता जायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती नमस्कार करायला वैद्यमायेच्या अंगणात गेली. तर माय उन्हात बसून सांडगे उलटत होती.

"माय, मी निघते. देवीनं मला आठवण दिलीच नाही. नवससुद्धा बोलून पाहिला."

मायेनं मान वर केली नाही. "आधी ते गाठोडं ठेव आणि हे सांडगे उलट. हातानं काम करत रडलं, की रडणं लवकर आटोपतं."

सगुणा बसली. एकेक सांडगा उलटू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "माय, हे तर कालच वाळलेत. वरून खडखडीत आहेत. आजही ऊन कशाला?"

"फोड बरं एक."

सगुणेनं फोडला. आत ओल होती.

"काल डब्यात भरले असते, तर काय झालं असतं?"

"श्रावणापर्यंत बुरशी आली असती."

"मग आज ऊन, उद्या ऊन, आणि डबा भरल्यावरही अधूनमधून एकदा ऊन. हे तुला कुणी शिकवलं?"

"हे काय शिकवायचं, माय? कुठल्याही बाईला कळतं."

आता मायेनं मान वर केली. "मग अगं वेडे, पाठाला किती वेळा ऊन दाखवलंस? ऐकलास आणि ओला तसा डब्यात भरलास! देवीनं आठवण सगळ्यांनाच दिली आहे. पण तुझे सांडगे उलटायला ती अंगणात येऊन बसायची नाही."

सगुणेनं फोडलेला सांडगा पुन्हा उन्हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "माय, मला याचा काही वसा असेल तर सांगा. मी करीन."

"सांगेन. पण चार दिवस हौसेनं करशील, पाचव्या दिवशी कंटाळशील."

"नाही कंटाळणार."

"कंटाळशील गं, सगळेच कंटाळतात. कंटाळलीस तर सहाव्या दिवशी पुन्हा धरायचा, एवढं कबूल कर. मग सांगते."

सगुणेनं कबूल केलं. मायेनं तिची वही मागून घेतली, कोऱ्या पानावर डाव्या अंगाला चार बोटं जागा सोडली आणि वरून खाली उभी रेघ ओढली. पानाच्या तळाशी तीन बोटं सोडून एक आडवी रेघ ओढली. पानाचे तीन भाग झाले. एक मोठा, एक अरुंद, एक खालचा.

"हे मोठं अंगण," माय म्हणाली. "मी शिकवत असताना इथं लिही. माझं सगळं बोलणं नको. तांदूळ निवडतो तसं निवड. खडे मलाच ठेव. ही डावीकडची ओसरी, ती पाठाच्या वेळी रिकामी राहू दे. संध्याकाळी दिवा लावलास, शुभंकरोती झाली, की वही उघड. अंगणात जे आहे, त्याचा प्रश्न ओसरीत लिही. आणि हा खालचा उंबरठा. सासूनं विचारलं, 'आज काय शिकलीस गं?', तर एका दमात जे सांगशील, तेवढंच इथं. तुझ्या शब्दांत, माझ्या नव्हे."

"आणि ऊन?"

"ते महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाकायचं. ओसरीतला प्रश्न वाचायचा आणि उत्तर मोठ्यानं बोलायचं. अडलं, तर झाकण काढून बघायचं. लाजायचं नाही, कुणी बघत नसतं. मग आठवड्यानं एकदा, मग पौर्णिमेला एकदा. पाठ आतून वाळेपर्यंत."

पुढे अक्षय्य तृतीया होती. त्या दिवशी धरलेलं काही क्षय पावत नाही, असं म्हणतात. सगुणेनं वहीला हळदकुंकू वाहिलं, उभी रेघ ओढली, आडवी रेघ ओढली, आणि वसा धरला.

वैद्यमायेनं दुसऱ्याच दिवशी हीच रीत सगळ्या शिष्यांना समजावून सांगितली. तिनं काही एकटीचे लाड केले नाहीत. पण एकपाठी म्हणाला, "माझा सांडगा एका उन्हात वाळतो." आणि सुलेखा हळहळली, "मधोमध रेघ मारली की पानाची शोभाच जाते, माय." बाकीच्यांनी दोनचार दिवस रेघा मारल्या, मग त्याही राहिल्या.

सगुणा मात्र रोज सकाळी आंब्याखाली बसे, वहीचं अंगण पदरानं झाकी आणि एकटीच बोलत बसे. मुलींना आयतीच गंमत मिळाली.

"अगं, वहीला पदर काय घालतेस? वही काय तुझा सासरा आहे?"

"आणि बघा, सासऱ्याशी कशी तोंड वर करून बोलतेय!"

सगुणाही हसली. म्हणाली, "सासरा बरा गं. चुकलं तरी ओरडत नाही, नुसतं पान दाखवतो."

पहिल्या महिन्यात दहा प्रश्नांतले आठ अडायचे. मग पाच अडू लागले. मग एखादाच. आषाढ गेला, श्रावण आला. व्रतं आली, उपास आले, मंगळागौरीचे खेळ आले. गौरी-गणपतीत तर आरास आणि नैवेद्यात सगुणेची वही कितीतरी दिवस उघडलीच नाही. मग एके सकाळी ती उघडली, तर निम्मी उत्तरं उडालेली. ती घाबरून मायेकडे धावली.

"माय, वसा मोडला. देवी कोपेल का हो?"

"देवी कशाला कोपेल? तिच्याच गौरींना जेवू घालत होतीस ना? पाठाला दमट हवा लागली, एवढंच. पुन्हा ऊन दाखव. कबूल काय केलं होतंस?"

सगुणेनं पुन्हा पदर पसरला. आणि तिला नवलच वाटलं. पहिल्यांदा जे महिन्यानं पाठ झालं होतं, ते आता चारआठ दिवसांतच परत आलं. एकदा उन्हात वाळलेलं पुन्हा वाळायला वेळ लागत नाही.

भाद्रपद सरता सरता मायेनं निळ्या माशीच्या दंशाचा पाठ दिला. त्या रानात एक निळी माशी होती. ती डसली की अंग सुजे, घसा सुजे आणि माणसाला बोलता येईनासं होई. त्यावर उपाय हिमवेलीचा. हिमवेलीचं पान वाटून दंशावर लावायचं, आणि मूळ उगाळून जिभेवर चाटवायचं. ही वेल त्या गोष्टीतल्याच रानात होती बरं का, आपल्या रानात कुणी शोधायला जाऊ नका.

संध्याकाळी सगुणा ओसरीत प्रश्न लिहायला बसली. 'पान कुठे? मूळ कुठे?' एवढं लिहिलं आणि तिचा बोरू थांबला. तिनं पुढे लिहिलं, 'उलट केलं तर?' त्याचं उत्तर अंगणात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं पाठात विचारलं.

एकपाठी कंटाळून म्हणाला, "माय सांगते तसं करायचं. उलट कशाला करायचं?"

पण मायेचा चेहरा उजळला. "इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ऐका. हिमवेलीचं पान असतं खाजरं. कातडीवर लावलं तर ते विष ओढून घेतं. पण तेच पोटात गेलं, तर सुजलेला घसा पुरताच मिटेल आणि माणूस जाईल. मूळ गोड असतं, ते घसा मोकळा करतं."

सगुणेनं उंबरठ्यावर लिहिलं, 'खाजरं अंगाला, गोड जिभेला.' तेवढंच. आणि मग त्या पाठालाही ती इतरांसारखंच ऊन दाखवत राहिली.

कार्तिक आला. आवळीभोजनाचा दिवस उजाडला. नदी ओलांडून सगळी पाठशाळा रानात गेली. आवळीला सूत गुंडाळलं, दिवे लावले, नैवेद्य दाखवला. भरीत, भाकरी, आवळ्याचं लोणचं, सगळ्यांनी पोटभर खाल्लं. एकपाठ्याचं लक्ष जेवणात नव्हतं, बटव्यात होतं. सुलेखेचंही तेच. सगुणा मनात म्हणत होती, 'बटवा नाही मिळाला, तर मी जावेला तोंड कसं दाखवू?'

वैद्यमाय हात धुवायला झऱ्याकडे गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली. सगळे धावले. तिच्या मनगटावर निळी माशी डसली होती. बघता बघता हात सुजला, ओठ सुजले. माय काहीतरी सांगू पाहत होती, पण शब्द फुटेना. मग तिचे डोळे मिटले आणि ती सुलेखेच्या मांडीवर कलंडली. श्वास घरघर वाजू लागला.

"हिमवेल!" एकपाठी ओरडला. धावत गेला आणि मुळासकट वेल उपटून घेऊन आला. त्याची नजर पक्की होती, वेल अचूक आणली. सहाणेसाठी झऱ्यातला दगडही तयार झाला. पण हातात वेल धरून तो एकदम थबकला.

"मूळ... मूळ लावायचं दंशावर. आणि पान चाटवायचं." तो म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "की पान लावायचं? थांबा. त्या दिवशी मला लख्ख येत होतं! मी म्हणूनसुद्धा दाखवलं होतं!"

"माझ्या वहीत आहे!" सुलेखा रडत म्हणाली. "शब्दन् शब्द लिहिलाय!"

"मग काढ की वही!"

"ती... ती देव्हाऱ्यात आहे."

देव्हारा नदीपलीकडे. जाऊन यायला दिवस कलला असता, आणि मायेचा घसा तेवढा थांबणार नव्हता. कुणी म्हणालं, दोन्ही एकदमच चाटवू. कुणी म्हणालं, काहीच नको, देवाचा धावा करू. एकपाठ्यानं घाबऱ्याघुबऱ्या पान चुरगळलं आणि मायेच्या ओठांकडे नेलं.

"थांब!"

सगुणेनं त्याचा हात धरला. सगळे तिच्याकडे बघू लागले. विसरीकडे! तिच्या मनातही क्षणभर आलंच, 'मी कोण? मला मीठ आठवत नाही. माझं चुकलं तर मायेचा जीव जाईल.' तिचीही वही पाठशाळेतच राहिली होती. तिनं डोळे मिटले. मनातल्या मनात वही उघडली, अंगणावर पदर ओढला. ओसरीतला प्रश्न दिसला, 'उलट केलं तर?' आणि रोज सकाळी आंब्याखाली जसं येई, तसं उत्तर आपसूक ओठांवर आलं.

"खाजरं अंगाला, गोड जिभेला," ती मोठ्यानं म्हणाली. "पान खाजरं आहे. ते घशात गेलं तर घसा मिटेल. पान दंशावर बांधा, मूळ मी उगाळते. पटत नसेल, तर पान बोटांवर चोळून बघा!"

एकपाठ्यानं हाताकडे पाहिलं. पान चुरगळलेली बोटं लाल झाली होती आणि खाजत होती. त्यानं ते पान मुकाट्यानं मायेच्या मनगटावर बांधलं. सुलेखेनं डोकं धरलं. सगुणेनं मूळ उगाळून थेंब थेंब जिभेवर सोडलं आणि शारदेचं नाव घेत राहिली.

किती वेळ गेला कुणालाच कळलं नाही. घरघर हळूहळू कमी झाली. आवळीची सावली लांबली, तेव्हा मायेनं डोळे उघडले. तिनं मनगटावरचं पान पाहिलं, सहाणेवरचं मूळ पाहिलं, आणि कोण उगाळतंय तेही पाहिलं. घोगऱ्या आवाजात तिनं पहिला शब्द उच्चारला.

"सगुणा."

त्या पाठशाळेत त्या नावानं तिला पहिल्यांदाच हाक मिळाली. सगुणेच्या हातातलं मूळ तिथंच राहिलं आणि ती मायेच्या पायांवर डोकं ठेवून रडली. माय म्हणाली, "रडतेस कशाला? कंबरेचा बटवा सोड माझ्या, मला वाकवत नाही. तुझाच आहे तो."

एकपाठी पुढे आला. मान खाली होती. म्हणाला, "वहिनी, माझा सांडगा आत ओलाच होता. ती रेघ कशी ओढायची, दाखवाल?" आणि सुलेखा म्हणाली, "मी आजपासून रोज पूजा झाली, की वही उघडेन. देवीला नुसतं फूल नको होतं गं, तिला वाचलेलं ऐकायचं होतं."

सगुणेनं तिथंच आवळीखाली काटकीनं मातीत उभी रेघ ओढली, आडवी रेघ ओढली, आणि सगळ्यांना अंगण, ओसरी, उंबरठा समजावून सांगितला. मायेनं आडवं पडल्या पडल्या ऐकलं. एका शब्दाचीही भर घालावी लागली नाही.

घरी जाताना वाटेत शारदेचं देऊळ लागलं. सगुणा नवस फेडायला आत गेली, ओटी भरायला पदर पसरला, आणि कपाळाला हात लावला. खण आणला होता, नारळ पाठशाळेतच राहिला होता! सोबत आलेली सुलेखा खो खो हसली. "वहीत लिहिलं नव्हतंस वाटतं?"

"नव्हतं गं!"

पण देवीला चालतं. नवसाचा दुसरा अर्धा भाग, एकटीजवळ न ठेवण्याचा, तो आवळीखालीच फिटला होता. नारळ सासूनं पुढच्या मंगळवारी पोचवला. आणि वेशीवर वाट बघत उभ्या असलेल्या जावेनं सगुणेच्या कंबरेचा बटवा पाहिला, आणि पुन्हा तसाच, काही न बोलता, तिचा हात घट्ट धरला. त्या गावात पुढे साध्या तापानं कुणाचं बाळ गेलं नाही.

तात्पर्य: ऐकलेली विद्या ओली असते, लिहून ठेवलेलीही ओलीच असते. निवडून लिहावी, स्वतःलाच प्रश्न विचारावा, आपल्या शब्दांत सांगावी आणि पुन्हा पुन्हा ऊन दाखवावं, तेव्हाच ती अडल्या वेळी कामी येते.

तर बाळांनो, आयांनो, गोष्ट ऐकलीत, आता एवढं करा. आज दिवेलागणीला एक कोरं पान घ्या, चार बोटं सोडून रेघ ओढा, आणि उद्या सकाळी ते झाकून स्वतःला विचारून बघा. सगुणेला जशी शारदा पावली, तशी तुम्हालाही पावो. वसा मोडला तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा.